उंबऱ्यावरची पाळी

२८ जुलै १९७२, शुक्रवार

आत्याबाईंनी आज गळ्याला फडकं बांधलं. कुणी विचारलं की सांगतात, घसा धरलाय. शेजारची गोजरबाई हळद-गूळ घेऊन आली, तर तिच्यापुढं खोकूनसुद्धा दाखवलं! माझ्या सासूला एवढं सोंग वठवता येतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

फडक्याखाली बोटांचे वळ आहेत. ह्यांच्या बोटांचे.

पहाटे त्या बाहेर जाऊन परत आल्या. हे भिंतीला टेकून बसल्या जागी जरा पेंगले होते. दारात माणूस उभा दिसला आणि हे झेपावले. आई आहे हे कळायच्या आत हात गळ्यावर गेला होता. मी मधे पडले नसते तर— नको, ते लिहायलाच नको. मग हे कोपऱ्यात जाऊन बसले, ते दुपारपर्यंत तिथंच. भाकरी आत्याबाईंनीच नेऊन दिली. म्हणाल्या, "खा बाबा. मी येताना खाकरायला पायजे हुतं."

म्हणजे चूक त्यांचीच!

३० जुलै, रविवार

लिहायची सवय ह्यांनीच लावली. पलटणीत होते तेव्हा मी दर आठवड्याला पत्र धाडायचे. त्यात शेळी व्याली इथपासून आत्याबाई आज कुणाशी भांडल्या इथपर्यंत सगळं असायचं. आता माणूस घरात आहे, हाताच्या अंतरावर आहे, आणि मी वहीशी बोलते. काय म्हणावं!

लढाई डिसेंबरात संपली. हे ज्येष्ठात घरी आले. डावा पाय गुडघ्याखाली नाही. त्या पायाचं रडून झालं एकदा. कुबडी घेऊन चालतात, विहिरीपर्यंत जातात, शेळीला पाला काढून आणतात. दिवसा पाहणाऱ्याला वाटावं, गडी सावरला. रात्रीचं मात्र सावरत नाही.

सगळे आडवे झाले की हे उंबऱ्याकडे तोंड करून बसतात. मांडीवर विळा. समोर नुसती चौकट. आमच्याकडे चौकटीला कवाड नसतंच. शिंगणापुरात कुणाच्याच घराला नाही, आणि आमची वस्ती त्याच शिवारातली. शनिमहाराज राखण करतात. कवाड बसवणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं चारचौघांत सांगणं. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी टेकवायची, झालं.

मी काष्टीची. माहेरी कवाडाला कडी, कोयंडा, वर आतून घालायचा आडणा. लग्न होऊन इथं आले तेव्हा कितीतरी रात्री पांघरूण मुठीत धरून जागत होते, आणि हे शेजारी घोरत होते. मला हसायचे. "काष्टीची भित्री" म्हणायचे. पुढं माझी भीती गेली. आता माहेरी कवाड लावलं की मलाच गुदमरतं.

ह्यांना तर सवय जन्माची होती. ती कुठं सांडली?

२ ऑगस्ट, बुधवार

पाऊस नाही. झोपही नाही. आभाळ आणि हे, दोघं सारखेच कोरडे.

५ ऑगस्ट, शनिवार

देवाला तेल. आम्हा बायकांना चौथऱ्यावर जायचं नसतं, लांबूनच हात जोडायचे. आत्याबाई आज बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. देवालाही घर नाही, छप्पर नाही, उघड्यावर उन्हापावसात उभा. मग आपल्याला कशाला हवं कवाड, असं इथली माणसं म्हणतात. मीही म्हणायचे. आज मात्र मनात आलं— देवाला झोपायचं नसतं.

घरी आलो तर रंगनाथ आण्णा ओट्यावर बसलेले. वस्तीचे पंच. अंगानं जाड, आवाजानं त्याहून जाड. बारशाला बोलावलं तरी भाषण करतात. म्हणाले, यंदा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होतात, पंधरा ऑगस्टला शाळेपुढं ह्यांचा सत्कार करायचा. सोनईहून लाऊडस्पीकर सांगितलाय. हे नको म्हणाले. आण्णांच्या कानावर नको हा शब्द पडतच नाही. चहा पिऊन गेले.

८ ऑगस्ट, मंगळवार

आज विचारलंच. शेळी सोडायला रानात गेलो होतो, दोघंच. म्हटलं, भीती कशाची वाटते ते तरी सांगा. शत्रू तर हजार कोस लांब राहिला.

बराच वेळ काठीनं माती उकरत बसले. मग बोलले, थांबत थांबत. भीती नाही म्हणाले. तिकडं खंदकात कायम दोघांची जोडी असायची. एकानं जागायचं, एकानं झोपायचं. ह्यांचा जोडीदार बेळगावकडचा. ह्यांची झोपायची पाळी आली की तो म्हणायचा, "नीज रे, मी आहे." तोफा चालू असल्या तरी हे निजायचे. ज्या सुरुंगात ह्यांचा पाय गेला त्यात तो अख्खा गेला.

मग म्हणाले, "तितं एक जन तरी जागा असायचा. त्याच्या जिवावर झोपायचं. इतं सगळं गाव झोपतं. जागं कुनीच न्हाई. मग मी झोपू कसा?"

मी म्हटलं, मी जागते. तर माझ्याकडे पाहून जरासे हसले. दिवसभर राबणारी बाई किती रात्री जागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोन रात्री जागून पाहिलंय मी, न सांगता. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं भाकरी थापता थापता डोळा लागला आणि तवा पालथा झाला.

कवाड असलं तर? घट्ट, जाड, आतून आडणा घातलेलं. माणूस नाही तर लाकूड तरी जागं राहील.

११ ऑगस्ट, शुक्रवार

घोडेगावच्या बाजाराला गेले. आत्याबाईंना सांगितलं मिरची आणायला. मिरचीही आणली, खोटं नको.

तिथल्या ख्रिस्ती आळीत एलियामामांचं सुताराचं काम आहे. म्हातारे, पांढऱ्या मिशा, एका कानानं ऐकू येत नाही. मी कवाडाचं माप सांगितलं तशी हातातला रंधा थांबला. "शिंगणापूरच्या शिवारातली न्हवं तू? तितं कवाड?"

खोटं बोलायचं ठरवून गेले होते— माहेरी बसवायचंय वगैरे. पण त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून बोलताना सगळं खरंच बाहेर पडलं. पाय, रात्र, विळा, आत्याबाईंचा गळा. मामा लाकडाचा भुस्सा हातानं सारखा करत ऐकत राहिले. मग कळलं, तेही लढाईवर होते. बर्मात. तो कान तिथंच गेला. इंग्रजांची लढाई ती, तिच्यासाठी कोण शाल-नारळ देणार! परत आले, रंधा हातात घेतला, झालं.

"कवाड देतो करून," म्हणाले. "पन एक सांगू का पोरी? माज्या घराला कवाड हाय. कडी हाय, आडना हाय. बर्मातनं आलो तवापासनं रातचा मी झोपलो न्हाई. दिसा कामात डोळा लागतो तेवडाच."

ऐकून मला रागच आला! कवाड मागायला आलेल्या बाईला असं सांगतात का? मामांचं वय झालंय, म्हाताऱ्यांना झोप नसतेच, अशी वाटेत मनाची समजूत घातली. ह्यांना यातलं काही सांगणार नाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार

काय झालं ते नीट लिहून ठेवते. उद्या वस्तीत ह्याच्या दहा तऱ्हा होतील.

शाळेपुढं झेंडा, आंब्याची तोरणं, लिंबावर कर्णा बांधलेला. ऑगस्टातल्या उन्हात ह्यांच्या अंगावर लोकरीची शाल! घामानं निथळत होते, पण पाठ ताठ. आत्याबाई पुढं बसल्या होत्या, गळ्याचं फडकं काढून. वळ गेलेत आता.

आण्णांनी भाषण ठोकलं. ते म्हणाले, गहिनीनाथ सरहद्दीवर जागला म्हणून आपण इथं उघड्या घरात झोपतो. स्वातंत्र्य म्हणजे काय ते दिल्लीला पंचवीस वर्षांपूर्वी कळलं, आपल्या गावाला ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे— ज्या घराला कवाड लागत नाही ते घर स्वतंत्र! टाळ्या पडल्या. मलाही वाक्य आवडलं, लपवत नाही. आण्णांना तर इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा म्हटलं. आणि त्याच भरात ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाव तुझ्या उपकारातून उतराई व्हायचं न्हाई. तरी माग. मागशील ते गाव देईल."

हे नुसता नमस्कार करून खाली बसतील असं सगळ्यांना वाटलं. मलाही. हे माईकपुढं गेले, कुबडी नीट टेकवली.

"मला झोप येत न्हाई," म्हणाले. "मला घराला एक कवाड बसवू द्या."

लोक हसले. मागच्या पोरांनी तर शिट्ट्या घातल्या. थट्टाच वाटली सगळ्यांना— आण्णांच्या भाषणावर केलेली. पण हे तिथंच उभे राहिले. हसले नाहीत. हळूहळू सगळ्यांचं हसू विरलं आणि कर्ण्यातून नुसती घरघर येत राहिली.

आण्णांनी घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू केलं. वरच्या सुरात.

१६ ऑगस्ट, बुधवार

कुणी आलं नाही. शाल आत्याबाईंनी पेटीत घातली. वर कडुलिंबाचा पाला.

१९ ऑगस्ट, शनिवार

कवाड सोडून सगळं आलं! काल-आजमध्ये वस्तीनं आमचं घर भरून टाकलंय. गोजरबाईनं जुन्या वाकळेचा पडदा शिवून आणला. कुणी कुत्र्याचं पिल्लू आणून बांधलं. त्याला अजून डोळे नीट उघडता येत नाहीत, ते काय राखण करणार! कुणी रेडिओ आणला, कुणी झोपेचा काढा. आण्णांनी बाभळीच्या काट्यांची गाडी पाठवली, उंबऱ्यापुढं टाकायला. त्यातला पहिला काटा आत्याबाईंच्याच पायात मोडला.

हसू येतं आणि भरूनही येतं. कुणाच्या मनात वाईट नाही. माणूस बुडताना दिसतोय, काठावरचे सगळे हातातली वस्तू फेकताहेत, दोर तेवढा कुणाकडे नाही.

रात्री पिल्लू कुंई कुंई करत राहिलं. ह्यांनी त्याला मांडीवर घेतलं. विळा एका मांडीवर, पिल्लू दुसऱ्या. पिल्लू मात्र झोपलं.

२१ ऑगस्ट, सोमवार

शाळेत बैठक झाली. बायका बाहेर भिंतीला कान लावून.

कुणी म्हणालं, आण्णांनी गावापुढं शब्द दिलाय, तो पाळा. देव काही एवढ्यावरून कोपत नाही. तर दुसऱ्या बाजूनं— आधीच पाऊस नाही, पेरण्या वाया गेल्या, त्यात हे कवाड! उद्या कुणाचं जनावर दगावलं की म्हणतील, गहिनीच्या कवाडानं. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं की जबाबदारी कोण घेणार. सगळे गप्प. आण्णासुद्धा. मी त्यांना पहिल्यांदा गप्प पाहिलं. मान खाली घालून टोपीची घडी घालत होते, मोडत होते.

ह्यांनीच मिटवलं. म्हणाले, माझ्यापायी भांडू नका. साखर कारखान्यावर रात्रीच्या राखणदाराची जागा आहे, ओळखीच्या सुभेदारानं सांगितलंय, पोळा झाला की जातो.

घरी आल्यावर मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. म्हटलं, असे रोज रात्र जागून किती दिवस काढाल? तिथं तर झोपूच नका म्हणून सांगतील. मेल्यावरच निजणार का? ह्यांनी ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "आईच्या गळ्याला पुन्यांदा हात लागला तर? न्हाईतर तुज्या?"

माणूस लढाईवरून परत आला, आणि आता घरातून जातोय. आम्हाला त्याच्यापासून वाचवायला!

२५ ऑगस्ट, शुक्रवार

मी मेले शरमेनं. आणि मग नाही मेले.

कवाड नको असा एलियामामांना निरोप द्यायचा राहिला होता. या गडबडीत ध्यानातच नाही आलं! आज भर दुपारी त्यांची गाडी वस्तीत शिरली. गाडीत कवाड. कडुलिंबाचं, दोन बोटं जाड, आडण्यासकट. पोरं मागं धावताहेत, बायका ओसऱ्यांवर येताहेत. वस्तीत कवाड आलं, म्हणजे वाघ आल्यासारखंच. मामांनी गाडी थेट आमच्या ओट्याला लावली. ह्यांनी एकदा कवाडाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मिरची आणायला गेले होते ना मी!

घटकेत वस्ती गोळा झाली. आवाज चढले. कुणी म्हणालं, बैठकीत ठरलं असताना ही हिंमत? कुणी मामांच्या बैलांचं तोंड परत फिरवायला लागलं. आण्णा घाम पुसत आले. मी पुढं होऊन सांगणार होते की सगळं माझं काम आहे, ह्यांना माहीत नाही. पण त्याआधी आत्याबाई उठल्या. उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही, आण्णांकडेच बघितलं.

"माजा घसा धरला न्हवता, रंगनाथ," म्हणाल्या. "पोरानं गळा धरला हुता. त्याला आई दिसली न्हाई. तुज्या सत्काराला मी फडकं सोडून आले, वळ गेल्ते म्हनून."

हे खाली बसले. मी जाऊन शेजारी बसले. लोकांसमोर ह्यांचा हात धरला, कोण काय म्हणेल याचं भान नव्हतं. बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती.

आण्णांनी गाडीपाशी जाऊन कवाडावरून हात फिरवला. लाकूड चांगलंय, असं काहीतरी पुटपुटले. मग दोघांना म्हणाले, उतरवा. एकदम गलका झाला. आण्णांनी हात वर केला. "उबं केलं तर कवाड. आडवं टाकलं तर फळी. फळीला देवाची हरकत न्हाई. टाका उंबऱ्यापुढं, आडवं."

टाकलं. आण्णांनी त्यावर बसून पाहिलं. कवाड कुरकुरलं, पण मोडलं नाही. "रातच्याला मी येतो," म्हणाले आणि गेले.

मामा बैल वळवताना कवाडाकडे बघत राहिले. मजुरी विचारली तर मान हलवली. "बरं झालं," एवढंच म्हणाले.

२६ ऑगस्ट, शनिवार

काल रात्री आण्णा जेवून आले. घोंगडी, कंदील, पानाचा डबा. कवाडावर बैठक मारली, पाठ आमच्याकडे, तोंड अंगणाकडे. ह्यांना म्हणाले, गावानं शब्द दिला, कवाड देता येत नाही, म्हणून मी आलो. मी झोपणार नाही, शपथ आहे. हे म्हणाले, आण्णा, तुमचं वय काय, घरी जा.

आण्णा मागं न बघताच म्हणाले, "नीज, मी हाय."

बेळगावच्या माणसाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनी तर नाहीच. ह्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही मला. काही वेळानं विळा भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

आण्णा स्वतःला जागं ठेवायला बोलत बसले. पंचायतीची पहिली निवडणूक, मग दुसरी, मग ती विहीर कशी मंजूर झाली. त्या भाषणांना आजवर मी किती नावं ठेवली! काल विहिरीच्या मंजुरीपाशी कधीतरी ह्यांचं घोरणं सुरू झालं. लग्नानंतरचं तेच घोरणं. आण्णांनी आवाज बारीक केला, पण बोलणं थांबवलं नाही.

सकाळी हे ऊन वर आलं तरी निजलेले. आत्याबाई पायाचा आवाज न करता वावरत होत्या. आण्णांचे डोळे कुंकवासारखे लाल. मी चहा दिला. "कुटवर आलो हुतो मी?" म्हणाले. म्हटलं, विहिरीपर्यंत. "मग लई राहिलंय अजून," म्हणाले आणि खूश होऊन घरी गेले.

३० ऑगस्ट, बुधवार

पाळ्या लागल्या! आमच्या गावाला पाळ्या लावायची भारी हौस. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, देवाच्या तेलाच्या पाळ्या. यंदा विहिरींना पाणीच नाही, तर ती हौस आमच्या उंबऱ्यावर भागतेय. रात्रीचे दोन भाग, दोन घरं. झोपायचं नाही, पाठ घराकडे, तोंड अंगणाकडे. बसणाऱ्याला आता कवाडच म्हणतात. "आज कवाड कोन?" असं विहिरीवर विचारतात.

गोजरबाई आज तणतणत आली. विधवा, एकटी. तिचं घर वगळलं म्हणून राग. "माज्या घरात गडी न्हाई म्हनून मी गावातली न्हाई का?" म्हणाली. आज पहिली पाळी तिची. वाती वळत बसलीय, मधून मधून अंगणाला दम देतेय. अंगणात कुणी नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

पोळा. चारा नाही तरी शिंगांना रंग लावलेच लोकांनी. ह्यांनी कारखान्यावर निरोप धाडला— येत नाही. मी पुरण जरा जास्तच वाटलं, सगळ्यांना पुरलं.

१० सप्टेंबर, रविवार

ह्यांच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. आज पिल्लाला हाका मारून खेळवत होते. आत्याबाई पाहत होत्या, आणि मी त्यांना पाहत होते.

माझ्या मनातला काटा मात्र निघत नव्हता. आज काढला. एलियामामा काय बोलले होते ते ह्यांना सांगितलं— कडी आहे, आडणा आहे, आणि बर्मापासून झोप नाही. तेव्हा का नाही सांगितलंस, असं विचारतील वाटलं होतं. विचारलं नाही. पिल्लाच्या कानामागं खाजवत राहिले. मग म्हणाले, "त्यांना कुनी इचारलं का कदी?"

कोण विचारणार? मीच विचारलं नाही, आणि मी तर त्यांच्या पुढ्यात उभी होते. उलट राग धरून आले. विचार करतेय— आमच्या शिवारातून, घोडेगावातून, जामखेडकडून किती गेले असतील, ह्या लढाईला, त्या लढाईला. परत आल्यावर आपण शाल घालतो. मनापासून घालतो, त्यात खोट नाही. पण मग आपण घरी येतो आणि झोपतो. ते झोपले का, हे बघायला कुणी जात नाही. आण्णा तेवढे बघायला आले. मी त्यांना यापुढं नावं ठेवणार नाही. निदान महिनाभर.

१६ सप्टेंबर, शनिवार

आण्णा दिवस मावळायच्या आत गाडी जुंपून आले. हे घोंगडी खांद्यावर टाकून तयार. घोडेगावला निघालेत— एलियामामांच्या उंबऱ्यावर बसायला. आण्णा नुसते सोडायला जाताहेत म्हणतात, पण पानाचा डबा बरोबर होता.

ख्रिस्ती आळीत रात्र काढणार, आत्याबाई काहीतरी म्हणतील असं वाटलं. त्यांनी भाकऱ्या बांधून दिल्या. एक जास्तीची. म्हणाल्या, "त्यांच्या चांगल्या कानाकडनं बस. बोललेलं ऐकू गेलं पायजे."

गोजरबाई विचारायला आली, आज कवाड कोण. म्हटलं, आज नको. ह्यांची पाळी आहे, तिकडं.

उंबऱ्यावर कुणी नाही. फळीही टेकवली नाही. मी झोपते.